न मिटणारा डोळा

नकला करून माणसं हसवण्यात आमच्या मुलुंडच्या चाळीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. मग देवानं एक दिवस माझीच नक्कल करायला घेतली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. सकाळी चूळ भरली, तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर! तोंडाचा लकवा. गाल ओघळला, खालची पापणी लोंबू लागली आणि डावा डोळा मिटेनासा झाला.

तीन महिने शेक झाले, मालिश झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पापण्यांच्या कडा थोड्या शिवू. डोळा बारीक दिसेल, पण वाचेल. नाहीतर बुबुळावर फूल पडून नजर जाईल." मी साफ नाही म्हणालो. बायको रडकुंडीला आली. "अहो, डोळ्यापेक्षा तोंडाचा तोरा मोठा का?" मोठाच होता. चेहरा सुधारेल, पुन्हा नकला करीन, ही आशा शिवून टाकायला मी तयार नव्हतो.

देवावर रुसलोही होतो. डोळे मिटून हात जोडावेत, तर एक उघडाच! तरी एका संध्याकाळी बायकोनं मारुतीच्या देवळात कीर्तनाला ओढून नेलं. गॅसबत्तीच्या झोतानं डोळा घळाघळा वाहू लागला. लोकांना वाटलं, केवढा हा भक्त!

शेजारी बसलेली एक कोकणातली म्हातारी माझ्याकडं एकटक पाहत होती. मला राहवेना. "मावशी, ही भक्ती नव्हे, लकवा आहे," म्हणालो आणि डॉक्टरांचं बोलणंही सांगून टाकलं. ती हसली नाही. पदरानं माझा गाल पुसला आणि अंगठ्यानं पापणी अलगद ओढून धरली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी दोन्ही डोळे मिटून देवासमोर होतो.

"माझ्या झिलाचे डोळे मिया असेच मिटलंय," ती म्हणाली. "एकुलतो एक पोर. ते काय परत उघडले नाय. तुझो उघडतलो. शिवून घे रे बाबा."

तिनं अंगठा हळूच काढून घेतला. डोळे उघडले तेव्हा बायको रडत होती, आणि म्हातारी गर्दीतून निघून गेली होती.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना हो म्हणालो. डोळा वाचला. चेहरा मात्र परतला नाही, नकला संपल्या. त्याचं दुःख आजही आहे, खोटं कशाला बोलू? मी देवाकडं चेहरा मागितला होता. त्यानं दृष्टी राखली. 'तुझी मर्जी' म्हणायला आता अर्धंच तोंड उरलंय. तेवढ्यानं म्हणतो.