पुलाच्या टोकाशी

पुराच्या जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनासाठी मी घरातला एक फोटो दिला होता. त्यात पुलाच्या टोकाशी माझे वडील उभे होते. त्याच दुपारी ते वाहून गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही.

भिंतीवर पाहते तर पूल होता, पाणी होते, वडील नव्हते.

"ताई, सगळ्या फ्रेमा एका मापाच्या केल्यात," संयोजक म्हणाले. "कडेची पट्टी कापावी लागली. पण पूल कसा उठून दिसतोय बघा!"

"आणि ती पट्टी?"

"ती कशाला कोण ठेवतंय?"

आमच्या शहराला आपत्तीसुद्धा देखणी आणि मापात बसणारी लागते. मेलेल्या माणसांची तिथे अडचण होते.

शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "एवढ्या पाण्यात पूल मात्र हलला नाही हो!"

मी फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि काखेत घेऊन चालू लागले.