वालाची गोणी आणि घूस

माझी सून चोर आहे, असं मी सगळ्या आळीला सांगून बसले होते. चोर निघाली घूस.

बदलापूरला आमच्या पडवीत बियाण्याच्या वालाची गोणी भिंतीला टेकून असते. यंदा ती आपोआप खाली बसायला लागली. सून संगीता नुकतीच माहेरी, वांगणीला जाऊन आलेली. माझं डोकं तापलं.

"वांगणीत रोज वालाचं बिरडं होत असेल हल्ली."

"आई, बोलायचं ते सरळ बोला."

सरळ बोलले. तेही नळावर, चार बायकांत. तिने घरी येऊन बॅग भरायला घेतली.

मी तणतणत न्हाणीत गेले, तर फरशीच खचली. माझा पाय घोट्यापर्यंत खाली! रानभाजी विकायला आलेली कातकरी वाडीवरची जनी धावली. भोक बघून म्हणाली, "घूस हाय. खणू?"

तिने पहार घातली. बीळ न्हाणीतून निघून थेट पडवीत, गोणीच्या बुडाखाली. गोणीला खालून हे एवढं भगदाड. मांजराएवढी माजलेली घूस माझ्या पायावरून गटाराकडे गेली. तीही सावकाश (माझंच खाऊन मलाच तोरा).

"आजी, तुमच्या परसात धामण व्हती ना?"

"माणूस बोलावून बारवीच्या रानात सोडायला लावली. किळस यायची मला."

"ती घुशीची पिल्लं खायची. आता पिल्लं तुमचं खातात."

शहाणी! तोवर जनीने बिळातली कोठी फोडली. आत माझे वाल. ती ओंजळीने टोपलीत भरायला लागली.

"अगं, माझे आहेत ते."

"बिळातलं खणणाऱ्याचं. आमच्यात असंच हाय."

"बरोबर बोलते ती," मागून संगीता म्हणाली. बॅग हातातच. आता ही रडेल, असं मला वाटलं. तिने गोणीत उरलेले वाल पिशवीत ओतले. "हे मी वांगणीला नेते. नाव तर झालंच आहे. सोमवारी येते."

मी तोंड उघडलं. नळावरच्या चौघी दारात उभ्या होत्या. मी तोंड मिटलं.

पिशवी जड होती. रिक्षापर्यंत मीच पोचवली.