नखाला लागलेली रेघ

काका घरच्या गॅरेजात दोन सीटचं विमान बांधताहेत. त्याच्या पंखाची एक फासळी मी खिळ्याने आखली, तिथेच माती खाल्ली. मार्कर सापडेना आणि खिळा हाताशी होता. पत्रा कापून, तीन दिवस कडा घासून मी ती ऐटीत पुढे केली. काकांनी पत्र्यावरून नख फिरवलं. नख अडकलं आणि त्यांचा पारा चढला.

"ही रेघ कशाने मारलीस?"

"जराशी तर आहे. रंगाखाली झाकली जाईल."

हे बोलायला नको होतं. काका तीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 'झाकलं जाईल' म्हणणाऱ्या साहेबाशी भांडून त्यांनी बढती घालवली होती, आणि तो राग निवृत्तीनंतरही नीट तेलपाणी करून ठेवला होता.

"पत्रा तिथूनच चिरतो, गाढवा! वर गेल्यावर काय, कडेला उभं करू विमान?"

कोणी चुकूनही वापरू नये म्हणून त्यांनी हातोड्याने फासळीचा चुराडा केला. माझंही डोकं फिरलं.

"मग करा एकटेच! कोण बसणार आहे त्या डब्यात?"

"मी," दारातून काकू म्हणाली. "यांच्या शेजारच्या सीटवर."

मी गुपचूप मार्कर शोधला. नव्या फासळीवरून नख सरळ गेलं. काकांनी ती पंखात बसवली. 'गाढवा' त्यांनी मागे घेतलेलं नाही, माझा रागही गेलेला नाही. काकूची माफी मागायची तेवढी अजून राहिली आहे.