ब्रूनोचे पंधरा दिवस

वैशाखातल्या त्या सकाळी वाऱ्याला डाळमिलच्या भुशाचा वास होता, आणि आमच्या ओसरीवर, गार फरशीला पोट टेकून, एक पिंगट, चपट्या नाकाचा कुत्रा रंधा चालवल्यासारखा श्वास घेत पडला होता. खर्र... खर्र... तुम्ही बॉक्सर जातीचा कुत्रा जवळून पाहिला आहे का? केवढा तो जबडा, कपाळावर केवढ्या त्या चिंताक्रांत आठ्या, आणि आठ्यांखालचे डोळे मात्र किती निर्मळ! विश्वाची सारी काळजी चेहऱ्यावर आणि अंतःकरणात तिचा लवलेशही नाही, असा विरोधाभास निसर्गाने आणखी कुणात साधला असेल का?

लातूर तेव्हा नुकतेच जिल्हा झाले होते. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, नळ मात्र कोरडे. नव्या जिल्ह्याबरोबर आलेले एक इंजिनिअर आमच्या शेजारी राहत. त्यांची मुंबईला बदली झाली, चौथ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली, आणि ब्रूनोचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. नाशिकला झाडीत घर असलेली एक बहीण त्यांच्या पत्नीला, नलिनीताईंना, होती. तरी तो मागितला मीच.

"दयेपोटी हो म्हणू नकोस," नलिनीताईंनी मला समोर बसवून सांगितले. "आम्ही निघेपर्यंत पंधरा दिवस आहेत, ठेवून बघ. ह्याला बांधून ठेवायचं नाही, एकटं सोडायचं नाही. दोन्ही वेळा दमेपर्यंत फिरवायचं. माणूस दिसलं की अंगावर उड्या मारतो, लाळ गाळतो. आणि ऊन! ह्या एवढ्याशा नाकानं त्याला ऊन सोसत नाही. हे विसरू नकोस."

मी मान डोलावली. पण ऐकले का? मनाने आधीच ठरवलेला माणूस कानांनी किती ऐकतो!

मला ब्रूनो हवा होता तो अप्पांसाठी. माझे वडील उभा जन्म डाळमिलमध्ये मिस्त्री होते. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्यांची सवय. वर्षापूर्वी आई गेली आणि तो आवाजच बंद झाला. जेवताना 'हाव', नको असेल तर 'न्हाई', एवढ्या दोन शब्दांवर त्यांचे दिवस चालले होते. मी शाळेत शिकवून घरी येई, तेव्हा त्या शांततेचा मला धाक वाटे.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते. ओसरीवरून आवाज आला, "अरे राजा, किती लाळ गाळतूस? माझं धोतर म्हंजे तुझा रुमाल हाय का?"

माझे हात परातीतच थांबले.

त्यानंतर मी रोज निर्णय घेत राहिले, आणि रोज एकच: ब्रूनो ठेवायचा. वर पत्र्याचे छप्पर, टँकर चौथ्या दिवशी. ब्रूनो एका बैठकीत अर्धी बादली पिई. एकदा त्याने आनंदाने झेप घेतली आणि अप्पा दारात पडले, गुडघा सोलपटला. पण ते पडल्या पडल्या हसत होते! त्या हसण्यापुढे मला पत्रा दिसला नाही, बादली दिसली नाही, दुपारी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून धापा टाकणारा तो जीवही दिसला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी अप्पा त्याला मिलमधल्या जुन्या सोबत्यांना दाखवायला घेऊन गेले. अकरा वाजले तरी दोघांचा पत्ता नव्हता. मी चपला अडकवून निघाले. चौकात टँकर उभा होता, बायकांची रांग होती, आणि रांगेच्या कडेला, भर उन्हात, अप्पा धुळीत बसले होते. ब्रूनो आडवा. जीभ जांभळी, तोंडाला फेस, पोट भात्यासारखे हलत होते.

"उठंना गं त्यो," अप्पा म्हणाले. "मघापासून हाका मारायलोय."

मी रांगेकडे वळले. "दोन घागरी पाणी द्या कुणीतरी!"

"माणसाला न्हाई प्यायला, अन् कुत्र्याला आंघोळ?" पुढची बाई कडाडली. "चार दिसांनी टँकर आलाय, बाई!"

तिचे ओठ तडकले होते, कडेवरचे मूल रडून दमले होते. ती चूक नव्हती. रांगेतली एक घागर पुढे सरकली, मग दुसरी. ब्रूनोचे डोळे वर फिरू लागले.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या कौसाबाई रांगेतून बाहेर आल्या. सरकारी दवाखान्यात आया होत्या त्या. नुकत्याच भरलेल्या दोन्ही घागरी त्यांनी ब्रूनोजवळ टेकवल्या. "सावलीत वढा आधी. पाय भिजव, मग पोट. तोंडात वतू नको, ठसका लागंल." आम्ही तिघांनी त्याला टँकरच्या सावलीत ओढले आणि कौसाबाईंनी चार दिवसांचे पाणी ओंजळी-ओंजळीने त्याच्या अंगावर सोडले. मघाची ती बाई बडबडतच जवळ आली, खाली बसली आणि पदराने वारा घालू लागली.

किती वेळ गेला कोण जाणे. एक कान हलला. मग त्याने मान उचलून अप्पांच्या हाताला जीभ लावली.

गुरांचे डॉक्टर दुपारी येऊन म्हणाले, "ह्या खेपेला वाचला. पुढच्या उन्हाचं मी सांगत न्हाई."

संध्याकाळी मी अप्पांपुढे बसले. गोणपाट भिजवून टांगू, पहाटेच फिरवू, खोली अंधारी ठेवू... मी बोलतच होते.

"धाडून दे नाशिकला," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, पण तुम्ही त्याच्यामुळे..."

"माझ्यापायी त्येला मारायलोय का आपण?"

पंधराव्या दिवशी पहाटे नाशिकवरून मुंबईला जाणारी त्यांची जीप आली. वाटले होते, ब्रूनो अडून बसेल. तो टुणकन पुढच्या जागेवर चढला, नलिनीताईंचा गाल चाटला आणि समोरच्या काचेकडे पाहू लागला. एकदाही वळला नाही. जो सगळ्यांवर जीव टाकतो, त्याने आपल्यासाठी झुरावे, ही अपेक्षा किती मानवी आणि किती अन्याय्य!

दिवसभर मी अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहायचे टाळले. जेवताना ते गप्प. दुपारी गप्प. माझ्या छातीत जुना धाक पुन्हा घर करू लागला. ऊन कलल्यावर ते ओसरीवर आले आणि भिंतीवरचे लाळेचे वाळलेले ओघळ ओल्या फडक्याने पुसू लागले. पुसता पुसता थांबले.

"शांता असती ना," ते म्हणाले, "तर पयल्याच दिशी परत धाडला असता त्येला. तिला कळायचं, कोण कुठं जगंल ते."

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. मी खाली बसले. फडके बाजूला ठेवून तेही बसले, आणि तिच्याबद्दल सांगू लागले.