शेंडेनक्षत्र पाहिलं ती पहाट

नव्या कापसाचा उबट वास आला की मला मारेगावचं आमचं घर आठवतं. पासष्ट सालची दिवाळीची सुट्टी होती, पहिल्या वेचणीचा कापूस माजघरात गुडघाभर पसरला होता आणि थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तेव्हा पहाटे पूर्वेला शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, उगवायचं. गावातल्या मोठ्या माणसांनी त्याच्या शांतीसाठी नारळ फोडला होता आणि ती माणसं निर्धास्त झोपत होती. गर्भारणीनं मात्र ते पाहायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. मी नागपूरला विज्ञान शिकत होतो, म्हणजे चार महिन्यांत सर्वज्ञ झालो होतो. एका पहाटे मी बहिणीला हळूच अंगणात नेलं. "बाबू, याची शेपटी वरच काहून आहे?" तिनं विचारलं. सूर्य अजून खाली आहे आणि शेपटी नेहमी सूर्यापासून दूर पळते, असं मी ऐटीत सांगितलं. "मंग भेते म्हन बिचारं त्याले," म्हणत ती हसली. आठ दिवसांनी तिला मेलेलं मूल झालं. आईनं विचारलं, "खरं सांग, पायलं होतं काय तू?" माझ्याकडे न बघता बहीण म्हणाली, "मी कायले पाहू? घरातच होती मी." धूमकेतूमुळे बाळ जात नसतं, हे तेव्हा मी मोठ्यानं सांगायला हवं होतं; आईला नाही, तिला. मी खाली वाकून कापसातला काडीकचरा वेचत राहिलो. त्यानंतर तिनं मला आकाशाबद्दल कधीच काही विचारलं नाही. शेपटीची दिशा मी पुढे तीस वर्षं वर्गात परक्यांच्या मुलांना शिकवत राहिलो.