बाजीगराचे दात

सबंध जाफराबादेत माझ्या चुलतसासऱ्यांइतका, आमच्या मामंजींइतका छळ जादूवाल्यांचा कोणी केला नसेल, आणि त्यांच्या खेळावर इतका जीवही कोणी लावला नसेल. तेव्हा आमच्याकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य होतं. फारसी शिकलेले, धोतरावर शेरवानी चढवणारे मामंजी खेळवाला दिसला की आधी त्याला अडवायचे. "तू कोण?" तो बिचारा "जादूगार" म्हणाला की झालं! गारुडी म्हणजे गरुडाच्या मंत्रानं सापाचं विष उतरवणारा, तू उतरवतोस का? मदारी म्हणजे मुळात एका पिराचे फकीर, तू फकीर का? मंग तू बाजीगर. बाजी म्हणजे खेळ, गर म्हणजे करणारा. एवढं झालं की स्वतःच पुढं मांडी घालून, तोंड उघडं टाकून बसायचे. एका अस्वलवाल्याला त्यांनी इतका वेळ शब्दांची कुळं सांगितली की अस्वल झोपी गेलं.

मी तेव्हा नवी सून, अक्कल सगळी अंबाड्यात माळलेली. जादूवाल्याला आपलं नाव कळलं तर तो माणसाचा पोपट करून टाकतो अशी माझी पक्की समजूत, म्हणून कोणी हाक मारू नये यासाठी मी खेळ संपेपर्यंत कणगीमागं बसायची.

एका दुपारी वाटीखालची गोळी गुप्त करून दाखवण्याचा, वाट्या-गोळीचा खेळ करणारा एक वाळका माणूस पारावर बसला होता. खेळ पाहून घरी नेलेलं पाटलाचं दोन वर्षांचं पोर तापानं फणफणलं, डोळे फिरवून ताठ झालं. "वाट्या फिरवताना तो पुटपुटत व्हता," कोणीतरी म्हणालं, आणि गाव उठलं. चेटूक करणाऱ्याचे पुढचे दात पाडले की त्याचा मंत्र नीट उमटत नाही, म्हणून लागू होत नाही, अशी तेव्हाची रीत. दोघांनी बाजीगराचे दंड धरले, पाटलानं धोंडा उचलला. मी पदरात मीठ-मिरच्या बांधून माळवदावरून बघत होते. पाय असे लटपटत होते की खालच्या घरात माती पडली.

मामंजी गर्दीत घुसले. "पाटील, थांबा. हा मांत्रिक न्हाई, बाजीगर हाय."

"काका, पोरगं चाललं माझं, अन् तुम्ही शब्द सांगून राह्यले?" पाटलाचा आवाज फाटला.

"मांत्रिकाची विद्या तोंडात, बाजीगराची हातात. याचं तोंड पाण्यानं भरा अन् खेळ करू द्या. मंत्राबिगर न्हाई जमला तर पाडा दात. संगट माझेबी पाडा, हलूनच राह्यले."

बाजीगराच्या तोंडात तांब्यातलं पाणी ओतलं. फुगल्या गालांनी त्यानं वाट्या मांडल्या, फिरवल्या. मधली वाटी उचलणार तोच गोळी टपकन मातीत पडली.

"पाहा! मंत्राबिगर जमंना!" ओरडा झाला. पाटलाचा धोंडा वर गेला.

"आरं मुडद्या, थांब!" पाटलाचीच म्हातारी आई पुढं आली. "बोटाच्या बेचकीतून पडली ती. म्या पाह्यली."

पाटलाचा धोंडा वरच राहिला. मग त्या माणसानं, तोंडातलं पाणी तसंच धरून, डोळ्यांतलं मात्र वाहू देत, गोळी उचलली आणि सावकाश दाखवू लागला: ती बेचकीत कशी बसते, वाटीखाली कशी सरकते, तळहात कसा खोटा रिकामा दिसतो. सारं गाव माना वाकवून बघत होतं. पाटलानं धोंडा खाली टाकला. मामंजी एकटे पिंपळाकडं तोंड करून उभे होते.

पोराला घाम फुटला, ताप उतरला. बाजीगर निघून गेला. पुढं कित्येक महिने आमच्या आळीतली शेंबडी पोरंही तो खेळ करत, आणि "काका, बघा" म्हणाली की मामंजी उठून जात.

मला लेकरं झाल्यावर धीर करून विचारलं, "मामंजी, तेव्हा तोंड का हो फिरवलं?"

"सूनबाई, पोटाची विद्या उघडी करावी लागली त्याला. परत आला तर या गावात त्याचा खेळ पाहणारा एक तरी उरला पाहिजे का न्हाई?"

तो काही परत आला नाही. मामंजी गेले तेव्हाही ती गोळी कुठं जाते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.