जपानचा कपॅसिटर

बरकतपुऱ्याच्या काकूंचा सिंथेसायझर होळीनंतर दुरुस्तीला माझ्याकडे आला, आणि नवरात्र तोंडावर आलं तरी माझ्या कपाटावरच पडून होता. त्यांनी हाताने शिवलेल्या खोळीत तो, आणि त्यावर आमच्या जास्तीच्या उशा.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या आणि माझे वडील एका गावचे, एवढंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेतून हैदराबादला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा वडिलांनी माझी ट्रंक काकूंच्या दारात ठेवली, "पोराकडं लक्ष असू द्या" म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पदवी मिळेपर्यंत मी काकूंच्या पुढच्या खोलीत राहिलो, त्यांच्या हातचं जेवलो. त्याच खोलीत त्यांचा बाजा होता. सिंथेसायझरला त्या बाजाच म्हणतात. माझी परीक्षा जवळ आली की त्या बाजावर खोळ चढवायच्या आणि शेवटचा पेपर होईपर्यंत काढायच्या नाहीत. शुक्रवारच्या भजनातही तेवढे दिवस नुसते टाळ वाजवायच्या.

आता मी आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी नल्लकुंट्याच्या घरी जुन्या सिंथेसायझरचे बोर्ड दुरुस्त करतो. लग्नात वाजवणारे येतात, चर्चमध्ये वाजवणारे येतात. "भाई, शाम को प्रोग्राम है" म्हणत दारात उभे राहतात आणि त्यांचं काम आधी होतं. काकू कधी दारात येऊन उभ्या राहिल्या नाहीत. घरचंच काम, करू सावकाश, असं म्हणत मी ते मागे टाकत गेलो.

उन्हाळ्यात त्यांचा फोन आला.

"काय रे, आमचा बाजा जिवंत आहे की नाही?"

माझ्या हातात गरम सोल्डरिंग गन होती, समोर दुसऱ्याच कुणाचा बोर्ड. तोंडातून निघून गेलं, "पार्ट मिळत नाही काकू इथं. बाहेरून मागवलाय."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"जपानहून."

"हौ का! मग सावकाश येऊ दे. घाई नक्को करू."

त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मी ते तसंच राहू दिलं. खरं तर मी तोवर खोळीची गाठही सोडली नव्हती. महिनाभराने भजनातल्या एका आजींनी मला भाजी घेताना गाठलं. "तुमचा तो पार्ट विमानाने येतोय का जहाजाने? काकू सांगत होत्या, आमच्या पोरानं थेट जपानला कळवलंय." मी हातातली कोथिंबीर उगाच निरखत राहिलो.

मग एका शुक्रवारी माझी बायको काकूंकडच्या भजनाहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आज एका आजींच्या सुनेनं फोनवर तानपुरा लावला. सगळ्यांना आवडला. नवरात्रात हाच लावू, बाजा कशाला, असं ठरत होतं."

"काकू काय म्हणाल्या?"

"टाळ पुसत बसल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी उशा खाली काढल्या. बटण दाबताच बाजा घरघरला. सूर त्या घरघरीत बुडून गेला होता. झाकण उघडून पाहिलं. कपॅसिटर म्हणजे बोर्डावरचं वीज साठवणारं छोटं नळकांडं; बिघडलं की ते पुष्कळदा डोक्यावर फुगतं किंवा पायाशी ओल सोडतं. इथे सगळे सपाट आणि कोरडे. तासाभरात घरघर आपोआप ओसरली, आणि मी कपाळाला हात लावला. काकूंनी बाजा देतानाच सांगितलं होतं, "सुरुवातीला घरघरतो बघ, मग तासाभराने गळा सुटतो. माझ्यासारखाच." मी हसलो होतो. थंड असताना अडणारा आणि तापल्यावर सुधारणारा बोर्ड म्हणजे आतून वाळलेला कपॅसिटर, हे मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर तिथल्या तिथे ओळखलं असतं.

बोर्ड पूर्ण थंड होऊ दिला. मग पुठ्ठ्याला भोक पाडून बायकोच्या हेअर ड्रायरने एकेका कपॅसिटरला वेगवेगळी ऊब देत गेलो. वीजपुरवठ्याजवळच्या एकाला ऊब लागली आणि घरघर थांबली. तो काढून मीटरवर लावला. पार गेलेला होता. त्याच मापाचा नवा माझ्याच डब्यात होता. जेवणाच्या आधी काम संपलं.

बाजा घेऊन बरकतपुऱ्याला गेलो. काकूंनी पदराने पट्ट्या पुसल्या, एक सूर धरला आणि डोळे मिटून बराच वेळ धरूनच ठेवला. मला राहवेना.

"काकू, जपानहून काही आलं नाही. पार्ट माझ्याच डब्यात होता. मी उघडलाच नव्हता बाजा."

त्यांनी बोट उचललं.

"एवढे महिने?"

"हो."

त्या रागावतील, निदान एखादा टोमणा मारतील, अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "मग हे आणखी कुणाला बोलू नक्को. मी सगळ्यांना जपान सांगून बसलेय."

पुढच्या शुक्रवारी मी बायकोसोबत भजनाला गेलो. बाजा मधोमध होता आणि फोन पर्समध्ये. जुना कपॅसिटर काकूंनी माझ्याकडून मागून घेतला होता. तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. भाजी घेताना भेटलेल्या आजींनी तो चष्म्याजवळ धरला. "अगं बाई, एवढासा? आणि ह्याच्यासाठी जपान?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौ, जपान," काकू म्हणाल्या. "पोरानं लई खटपट केली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि पहिला सूर दिला.